घडीव नळीचं कुळ

नोव्हेंबर 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा कायमचा जिंकला. पुढे 1513 साली तो पोर्तुगालच्या राजाला कळवतो, की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, आणि नमुनाही धाडतो. बंदूककामात बोहेमियाचं तेव्हा युरोपभर नाव होतं. तीन वर्षांत एखादा लोहार त्या तोडीला पोचतो, हे मला पटत नाही. हात आधीच तयार होता. तो कुणी तयार केला याचा माग काढत गेलं, की वाट दाभोळच्या बंदरात येते.

दाभोळकडे वळण्याआधी घडाईचं मोल पाहू. आजचे हौशी रायफलवाले एका प्रश्नावर तासन् तास वाद घालतात: रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि चाप बसतात तो सांगाडा, घडीव घ्यावा की ठोकळ्यातून कोरलेला? तापलेलं ॲल्युमिनियम साच्यात दाबून घडवलं, की धातूचे कण आकाराबरोबर वळतात. ठोकळा यंत्रावर कोरला, की ते जागोजागी कापले जातात. खरं तर ॲल्युमिनियम रिसीव्हरच्या या रायफलींत स्फोटाचा मुख्य दाब बोल्ट आणि नळी पेलतात, रिसीव्हरवर तो फारसा येतच नाही, त्यामुळे या वादात दम कमी. जुन्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकीत मात्र सगळा भार नळीवर आणि तिच्या मागच्या बुचावर यायचा. तिथे घडाई चुकली तर बार मारणाऱ्याच्याच तोंडावर.

आपल्याकडच्या भट्ट्यांत तोफेपुरतं लोखंड वितळवून ओतणं जमत नव्हतं. म्हणून ओतीव काम पंचरशी धातूचं आणि लोखंडाचं काम घडीव, अशी वाटणी पडली. विजापूरची मुलूखमैदान तोफ ओतीव, 1549 साली अहमदनगरला मुहम्मद रूमीने ओतलेली. विजापूरचीच लांडा कसाब घडीव, लोखंडी पट्ट्या जुळवून वर कडी चढवलेली.

हे रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातले लोक, दख्खनमध्ये आले कुठून? इतिहासकार फरिश्ता म्हणतो, 1360 च्या दशकातच बहमनी तोफखान्यात रूमी आणि फिरंगी होते. पण तो लिहितोय अडीचशे वर्षांनी, आणि वास्को द गामाच्या सव्वाशे वर्षं आधी तोफखान्यात फिरंगी बसवतोय. मी ही साक्ष बाजूला ठेवतो. दाभोळची साक्ष पक्की आहे. पुढे बहमनी वजीर झालेला महमूद गावान 1453 च्या सुमारास इथेच उतरून बीदरला गेला. 1470 च्या आसपास आलेला रशियन व्यापारी निकितिन सांगतो, की दाभोळला मिसर, अरबस्तान, खुरासानचे घोडे उतरतात. वाशिष्ठीच्या खाडीत घोडा उतरत होता, तर घोड्याबरोबर हत्यार आणि ते दुरुस्त करणारा माणूसही उतरत असणारच. चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाचा सूड घ्यायला निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने डिसेंबर 1508 च्या अखेरीस दाभोळ जाळलं. मग फेब्रुवारी 1509 मध्ये दीवला मिसरच्या आरमाराचा मोड झाला, तिथून वाचलेले रूमी गोव्यात जमले, आणि गोव्यावर चालून जायला अल्बुकर्कला तेच निमित्त झालं. माझ्या मते 1513 च्या पत्रातला हात याच वाटेने घडला.

यावर कुणी मिलानच्या दोघांचं नाव पुढे करतात. पोर्तुगीजांना सोडून ते कालिकतला सामोरी राजाकडे गेले आणि तिथे त्यांनी तोफा केल्या. इटालियन प्रवासी वार्थेमा त्यांना भेटला होता. तो दाभोळलाही येऊन गेला होता. पण ते तोफा ओतणारे. बंदुकीची लोखंडी नळी ओतत नाहीत.

ती कशी होते ते अकबराच्या दरबारच्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवलंय. लोखंड ठोकून चपटं करायचं आणि तिरकं पिळत गुंडाळायचं. प्रत्येक पीळ आधीच्या पिळावर थोडा चढला पाहिजे; कडेला कड भिडवली तर सांधा उसवतो. मग हळूहळू तापवत सांधे एकजीव करायचे. सांध्याची रेघ नळीभर तिरकी फिरत गेली, की स्फोटाला फाडायला सरळ शिवण मिळत नाही. तुर्की नळ्यांतही हाच पीळ सापडतो, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. गोव्याच्या बंदुकीचा चाप तुर्की धाटणीचा नाही. त्या धाटणीच्या दख्खनी तोडेदार बंदुकीत जामगी, म्हणजे जळती वात, धरणारा काटा बोटाच्या दाबाबरोबर सावकाश उतरतो. गोव्याच्या बंदुकीत तो कमानीच्या जोरावर झटक्यात पडतो, युरोपातल्यासारखा. चाप फिरंग्यांनीच आणला. मी फक्त नळीवर हक्क सांगतो. नळीची घडाई बाकीच्या भागांहून वेगळ्या वाटेने येऊ शकते, याला दाखला जपानचा देतो. 1543 मध्ये पोर्तुगीज बंदुका तानेगाशिमा बेटावर पोचल्या, आणि काही अभ्यासक त्या गोव्याच्याच घडणीच्या मानतात. तिथल्या याइता किन्बेई नावाच्या लोहाराने नळी स्वतः घडवली, पण मागचं बूच बसवायचे आटे त्याला पाडता येईनात. ते तो पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज लोहाराकडून शिकला. नळी त्याला कुणी शिकवावी लागली नव्हती; तलवारी घडवणाऱ्यांच्या मुलखात ते काम आधीपासून मुरलेलं होतं.