चीक
गाय-म्हैस व्याल्यावर पहिले काही दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत, म्हणून वासराच्या रक्तात जन्मतः ती जवळजवळ नसतात. ती चिकातूनच मिळतात आणि तीही वेळेत घ्यावी लागतात : पहिल्या सहा तासांत आतडे ती उत्तम शोषते, साधारण २४ तासांत ही वाट बंद होते. लेण्याद्रीच्या पायथ्याला, कुकडीकाठच्या गोठ्यात गाय रात्री व्याली, तरी सकाळची वाट पाहून चालत नाही. वासरू धडपडत उठून सडाला लागले नाही, तर चीक बाटलीने पाजावा. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची जुनी रीत वासराच्या जिवावर बेतते. खरवस उरलेल्या चिकाचा.

प्रतिपिंडे शोषण्याच्या मुदतीत कांगारूचे वासराच्या उलट आहे. तांबड्या कांगारूचे पिल्लू जन्मतः एक ग्रॅमहून हलके असते. त्याची यौवनलोपी ग्रंथी व प्लीहा अपक्व असतात. प्रतिकारसंस्था शिशुधानीतच घडते आणि आतडे दुधातील प्रतिपिंडे कित्येक महिने शोषत राहते.