जलपर्णी कोणाची, आणि काढायची कोणी?

उन्हाळा लागला की वाईच्या घाटापासून सांगलीपर्यंत कृष्णेतल्या जलपर्णीच्या बातम्या सुरू होतात. मग टेंडर निघते, पोकलेन येते, फोटो छापून येतात. पावसात ती वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या रोपाचा राजकीय इतिहास आपल्या चळवळीने वाचला पाहिजे. तो बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणाऱ्या माणसांपर्यंत जातो.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे फूल म्हणून ती बंगालात आली आणि काही दशकांत तिथली तळी, नाले, भातखाचरे तिने गिळली. होड्या अडकल्या, मासेमारी बुडाली. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये कायदा केला आणि ज्याच्या ताब्यातल्या जमिनीत वा पाण्यात जलपर्णी असेल त्यानेच ती काढावी, असे बंधन घातले. १९३७ च्या निवडणुकीत तिकडे पक्षांनी जलपर्णी हटवण्याची वचने दिली. (त्याच निवडणुकीत इकडे मुंबई इलाख्यात स्वतंत्र मजूर पक्ष कुळांचे आणि कामगारांचे प्रश्न घेऊन उभा होता.)

परंतु ती फोफावली कशामुळे? इतिहासकार इफ्तेखार इक्बाल रेल्वेच्या भरावांकडे बोट दाखवतात. भरावांनी वाहते पाणी अडवले, साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजली. म्हणजे भराव सत्तेचा आणि जलपर्णी कुळाच्या गळ्यात! त्या दलदलीच्या मुलखात शेती, मासेमारी आणि होड्या चालवून जगणारा मोठा समाज नमःशूद्रांचा. त्याच समाजातले, बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणण्यात पुढे होते.

आता आपल्या नदीकडे या. जलपर्णीला संथ पाणी लागते आणि नत्र-स्फुरद लागते. बंधाऱ्यांनी पाणी थांबवले. शहरांचे सांडपाणी आणि उसाच्या रानातून निथळलेले खत तिला खाऊ घालते. पोषक पाण्यात तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो, आणि बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. नुसती वरची जलपर्णी ओढून काय होणार? तिला खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणून सोडले गेले. हा उपाय संथ आहे. त्यातून दरवर्षी नवे टेंडर निघत नाही, त्यामुळे त्याची फारशी चर्चा होत नसावी, असे आम्हाला वाटते.

दाट थराखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, जाळे टाकायला जागा उरत नाही. भोई-कोळ्यांचा धंदा बसतो. ज्या तलावाचा मासेमारीचा ठेका घेतला आहे, तिथे तर पैसे आधीच गुंतलेले असतात. यंत्र पोचत नाही तिथे त्या घाण पाण्यात उतरतो तो रोजंदारीवरचा माणूस. त्याच्या पायात बूट असतात का, हे आम्ही काठावर उभे राहून पाहिले आहे. नसतात.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, फोटो काढून थांबू नका. माहिती अधिकारात तीन कागद मागा: जलपर्णी काढण्यावर पाच वर्षांत झालेला खर्च, त्याच काळात नदीत सोडलेल्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याची नोंद, आणि पाण्यात उतरलेल्या मजुरांना दिलेल्या सुरक्षा साधनांची यादी.