शेकोटीच्या लाकडाची गिटार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि राज्यारोहणे उभी राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तो एका झोपावयाच्या खोलीत घडला. लंडनच्या पश्चिमेस फेल्टम नावाचे एक साधेसुधे उपनगर आहे. तेथील एका लहानशा घरात १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी मिळून विजेवर वाजणारी गिटार करावयास घेतली. तिला पुरी होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. मुलाचे नाव ब्रायन मे. वडील हॅरॉल्ड मे हे विमानवाहतूक मंत्रालयात आरेखकाच्या जागेवर होते. दिवसभर कचेरीत नकाशे आखावेत आणि संध्याकाळी घरी येऊन हत्यारे हाती घ्यावीत, असा या गृहस्थांचा शिरस्ता होता. घरातला दूरचित्रवाणी संचही त्यांनी स्वतःच जुळविलेला होता. मी स्वतः सरकारी चाकरीतला असल्यामुळे या माणसाविषयी मला प्रथमपासूनच एक प्रकारचा जिव्हाळा वाटत आला आहे, हे कबूल केलेले बरे.

आता कोणी विचारील की गिटार बाजारात मिळत असता घरी करण्याचा हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर थोडे अर्थकारणात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनजवळ डॉलर उरले नव्हते. म्हणून १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर तेथे बंदी होती. परवाने, कोटे आणि निषिद्ध मालाच्या याद्या यांचा महिमा आपणा भारतीयांना कोणी सांगावयास नको! नेमक्या याच काळात तेथील तरुण पोरांना गिटारीचे वेड लागले. लॉनी डोनेगन या गायकाच्या तबकड्यांनी १९५६ च्या सुमारास घराघरांतली मुले गिटारी, कपडे धुण्याचे पत्रे आणि चहाच्या खोक्यांपासून केलेली तंतुवाद्ये घेऊन बसली. बंदी उठली तरी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या गिटारीची किंमत शंभर पौंडांच्या वर होती. मध्यमवर्गीय घरात, तेही एका पगारावर चालणाऱ्या, एवढी रक्कम मुलाच्या छंदासाठी काढून देणे शक्यच नव्हते.

या वाद्याचा जन्मच मुळी घरगुती खटपटीतून झालेला आहे. साधी गिटार वाद्यवृंदात ऐकूच येत नसे. भोवती तुताऱ्या आणि ढोल असले म्हणजे बिचारा गिटारवादक नुसता हात हलविताना दिसे. या दुःखावर जॉर्ज बोशाम नावाच्या अमेरिकन वादकाने उपाय शोधला. तारेखाली लोहचुंबक ठेवावा आणि चुंबकाजवळ बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवावे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या हलण्याने वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. तो प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकात सोडला की झाले. १९३१-३२ च्या सुमारास या कल्पनेतून तळण्याच्या तव्यासारखी दिसणारी ॲल्युमिनियमची एक गिटार निघाली आणि १९३७ साली तिला एकस्व मिळाले.

तथापि एक अडचण उरलीच होती. पोकळ पेटीच्या गिटारीत असे वेटोळे बसविले की ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज त्या पेटीला पुन्हा हालवी, ती हालचाल तारांत उतरे, तारांतून पुन्हा ध्वनिक्षेपकात जाई आणि पाहता पाहता एक कर्कश किंकाळी सभागृहात घुमू लागे. लेस पॉल या वादकाने १९४०-४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका गिटार-कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन पाइन लाकडाच्या चौकोनी ओंडक्यावरच तारा ताणल्या. पेटीच नाही, मग घुमणार काय? गंमत अशी की नुसता ओंडका वाजविलेला लोकांना रुचेना. तेव्हा त्याने एका जुन्या गिटारीचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंस जोडले. आवाजात फरक पडला नाही, पण लोकांचे समाधान झाले! पुढे कॅलिफोर्नियात रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० पासून भरीव गिटारी कारखान्यात काढावयास आरंभ केला. या फेंडर महाशयांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती.

परंतु आपण फेल्टमला परत जाऊ. ब्रायनला सातव्या वाढदिवशी एक स्वस्त, साधी गिटार मिळाली होती. तिच्यावर चुंबक आणि तारांची वेटोळी बसविण्याचा उद्योग बापलेकांनी करून पाहिला होता. आता मात्र सगळीच गिटार हाताने करावयाची होती. लाकूड कोठून आणावे? ओळखीच्या एका घरातली शेकोटी मोडण्यात येत होती. विलायतेत भिंतीतल्या शेकोटीभोवती जी लाकडी चौकट असते, ती शंभर वर्षांपूर्वीच्या महोगनीची होती. टाकून द्यावयाच्या त्या लाकडातून गिटारीची दांडी निघाली. लाकडाला कीड लागून गेलेली होती. त्या भोकांत ब्रायनने आगकाडीच्या काड्या ठोकून ती बुजविली. दांडीला हाताच्या पकडीस योग्य असा आकार साध्या चाकूने तासून दिला. धड जुन्या ओकच्या टेबलाचे लाकूड आणि ब्लॉकबोर्ड यांचे केले आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चढविला. ज्या फळीवर बोटे फिरावयाची, तीही ओकचीच, काळी रंगविलेली. तिच्यावर चोवीस पडदे. आपल्या सतारीप्रमाणे हे पडदे सरकविता येत नाहीत. एकदा ठोकले की ठोकले, म्हणून मोजमाप चुकून चालत नाही. पडद्यांच्या खुणेसाठी जे शुभ्र ठिपके लागतात, ते आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्या घासून केले. कडेला लावलेली पांढरी पट्टी ही फडताळाच्या कडांना लावावयाची प्लास्टिकची पट्टी होती.

माझ्या लहानपणी आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात वाकडे खिळे, तुटक्या कुलपांच्या किल्ल्या, घड्याळाचे एक चाक, असे काय काय साठविलेले होते. ‘लागेल कधीतरी’ हे माझ्या वडिलांचे त्या डब्याविषयीचे ठरलेले उत्तर. त्यातले फारसे काही कधी लागले नाही, हे खरे. पण फेल्टमच्या या गिटारीची हकीकत वाचली तेव्हा मला त्या डब्याची आठवण झाली.

या गिटारीतला सर्वांत विलक्षण भाग म्हणजे तिची कंप देणारी रचना. एक दांडा दाबला की सहाही तारांचा ताण एकदम सैल होऊन स्वर खाली उतरावयाचा आणि दांडा सोडला की तो बिनचूक मूळ जागी परत यावयाचा. बाजारातल्या गिटारींत हेच नेमके साधत नसे. दांडा दोनदा हालविला की वाद्य बेसूर होई. बापलेकांनी या प्रश्नाकडे संगीताचा म्हणून न पाहता यंत्रशास्त्राचा म्हणून पाहिले. दोष सगळा घर्षणाचा, हे त्यांनी हेरले. प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूची दांडी जशी धारेवर तोललेली असते, तशी त्यांनी ही सबंध रचना एका पोलादी धारेवर तोलली. ती धार केली होती जुन्या सुरीच्या पात्याची. तारांच्या ओढीला तोलून धरण्यासाठी दोन स्प्रिंगा लागल्या. त्या एका जुन्या मोटारसायकलच्या एंजिनातल्या झडपांच्या होत्या. दांडा आला सायकलच्या पिशवीच्या आधारापासून आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. घोडीवर प्रत्येक तारेखाली एकेक बारीकशी पोलादी फिरकी बसविली, म्हणजे तार घासू नये, नुसती गडगडावी. या फिरक्या हाताच्या ड्रिलवर घडविलेल्या आहेत. मी यंत्रशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. परंतु धारेवर तोललेला तो ताण आणि त्याच्या उलट ओढणाऱ्या दोन स्प्रिंगा यांचा विचार करू लागलो की मनुष्य किती साध्या साधनांनी किती सूक्ष्म काम करू शकतो, याचे मला नवल वाटते.

सगळेच काही मनासारखे साधले नाही. ध्वनिग्राहक वेटोळी त्यांनी प्रथम घरीच गुंडाळली होती. आवाज चांगला निघे, पण तार बोटाने आडवी ओढून मींड घेतली की मध्येच नको असलेली खरखर येई. चुंबकांची उत्तर-दक्षिण टोके आळीपाळीने मांडलेली असल्याचा तो परिणाम होता. अखेरीस बर्न्स कंपनीची तीन ध्वनिग्राहके विकत आणावी लागली. तीही जशीच्या तशी न वापरता त्यांनी अ‍ॅरल्डाइटने आतून भरून घेतली, म्हणजे आतली वेटोळी सैल राहून किरकिरू नयेत. प्रत्येक ध्वनिग्राहकाला दोन कळा दिल्या. एकीने ते चालू वा बंद करावयाचे. दुसरीने त्याच्या प्रवाहाची दिशा फिरवावयाची. दोन प्रवाह एका दिशेने मिळाले तर स्वर भरदार होतो, विरुद्ध दिशांनी मिळाले तर त्याचा काही अंश परस्परांत विरून जातो आणि उरतो तो पातळ, धारदार स्वर. तेवढ्या कळांतून कितीतरी निरनिराळे आवाज हाती आले. सगळा खर्च मिळून आठ पौंडांच्या घरात गेला, असे सांगतात.

आणखी एक गोष्ट. ज्या किंकाळीला घाबरून लेस पॉलने गिटारीची पेटीच काढून टाकली, तीच किंकाळी या मुलाला हवी होती! ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले असता तारेने आपणहून गात राहावे, स्वर विझूच नये, अशी त्याची इच्छा. म्हणून त्याने धडाच्या आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या. दोष म्हणून जे टाळले जात होते, त्याला त्याने ताब्यात ठेवून कामाला लावले. पुढे या गिटारीवर एकावर एक स्वर ध्वनिमुद्रित करून त्याने वाद्यवृंदाचा असा भास उत्पन्न केला की काही ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टणांवर यात कोणीही कृत्रिम स्वरयंत्र वाजविलेले नाही, असे छापावे लागले. वाजविण्यासाठी तो प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो. त्याच्या दातेरी कडेचा खरखरीत स्पर्श स्वरात उतरतो.

गिटार अशी अर्धीमुर्धी झालेली असता, १९६४ साली, त्याच फेल्टममध्ये एक पारशी कुटुंब राहावयास आले. झांझिबारमध्ये त्या वर्षी जानेवारीत राज्यक्रांती झाली होती आणि तेथे सरकारी नोकरीत असलेले बोमी बुलसारा हे बायकामुलांसह इंग्लंडला निघून आले होते. त्यांचा मुलगा फारूख याचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालेले. तेथे त्याने शाळासोबत्यांचा एक गायनवादनाचा संचही काढला होता. बुलसारांचे घर आणि मे यांचे घर यांत काही मिनिटांचे अंतर होते. एका घरात महोगनी तासली जात होती आणि पलीकडच्या रस्त्यावर पाचगणीचा हा मुलगा ये-जा करीत होता. पण दोघांची ओळख मात्र नव्हती. ती पुढे महाविद्यालयीन दिवसांत लंडनमध्ये झाली. १९७० साली त्यांचा ‘क्वीन’ हा संच उभा राहिला. फारूख बुलसारा हाच फ्रेडी मर्क्युरी, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

येथवर ऐकले म्हणजे असे वाटेल की ज्या बापाने दोन वर्षे मुलाबरोबर गिटार घडविली, तो मुलाच्या यशाने हरखून गेला असेल. तसे झाले नाही. ब्रायन अभ्यासात हुशार होता. इंपीरियल महाविद्यालयातून १९६८ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो सूर्याभोवतीच्या धूलिमेघावर संशोधन करू लागला होता. ते संशोधन त्याने १९७४ साली अर्ध्यावर सोडले आणि तो पूर्णवेळ संगीताकडे वळला. हॅरॉल्ड मे यांना हे मुळीच मानवले नाही. काही काळ बापलेकांतले बोलणे तुटल्यासारखे झाले. वाद्य करणे निराळे आणि त्यावर पोट भरणे निराळे! हॅरॉल्ड यांच्या दृष्टीने पहिली गोष्ट बुद्धीची होती, दुसरी अविचाराची. मी त्यांना दोष देत नाही. निश्चित पगार आणि निवृत्तिवेतन यांच्या आधाराने ज्याने संसार ओढलेला आहे, त्याला मुलाने पदवी बाजूस ठेवून व्यासपीठावर उभे राहावे याची धास्ती वाटणे स्वाभाविकच आहे. माझा मुलगा उद्या असे काही बोलला तर मी काय उत्तर देईन, हे मला आज सांगता येणार नाही.

हॅरॉल्ड यांनी कचेरीत काँकॉर्ड विमानाच्या कामात भाग घेतलेला होता. धुक्यात वैमानिकाला काही दिसत नसतानाही विमान आपोआप धावपट्टीवर उतरावे, अशी यंत्रणा सिद्ध करण्याचे ते काम होते. त्या विमानात बसण्याचा योग मात्र त्यांना आलेला नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्वीनचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता, तेव्हा ब्रायनने आईवडिलांना त्याच काँकॉर्डने तेथे नेले. कार्यक्रम संपल्यावर वडिलांनी मुलाचा हात हातात घेतला आणि हे सारे कशासाठी होते ते आपल्याला आता कळले, असे कबूल केले. ही आठवण ब्रायनने पुढे स्वतःच सांगितलेली आहे.

गिटार अजून वाजते आहे. १९९८ साली तिची काळजीपूर्वक डागडुजी झाली. २००२ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ब्रायनने ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजविले, ते याच गिटारीवर. अर्धवट टाकलेला तो धूलिमेघावरचा प्रबंधही त्याने २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, पुरा केला आणि इंपीरियल महाविद्यालयाने त्याला डॉक्टरेट दिली. ते पाहावयास हॅरॉल्ड मे हयात नव्हते. १९८८ साली ते वारले होते.