आडनाव 'रंग' आणि हातात खडूची नळी

आजच्या भागात एका माणसाची गोष्ट आहे, ज्याचं आडनावच होतं 'रंग'. मिखाईल त्स्वेत. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. आणि गंमत बघा, या माणसाने शोध लावला तोही रंग वेगळे करण्याचा.

दुधातली भेसळ असो, खेळाडूच्या लघवीतलं उत्तेजक असो, नाहीतर द्राक्षावर उरलेलं फवारणीचं औषध. ते शोधायला आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याचीच पद्धत वापरतात. तिचं नाव क्रोमॅटोग्राफी. पण त्स्वेत वारला तेव्हा या पद्धतीला जवळजवळ कुणीच विचारत नव्हतं. असं का झालं? तेच आज बघूया.

त्स्वेतचा जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावातला. आई इटालियन, वडील रशियन. आई त्याच्या जन्मानंतर लगेच गेली. तो वाढला जिनिव्हात, १८९६ मध्ये डॉक्टरेटही तिथेच मिळवली. मग वडिलांच्या देशात आला, तर तिथे उत्तर मिळालं, बाहेरची डॉक्टरेट इथे चालणार नाही! बिचाऱ्याने पुन्हा अभ्यास करून १९०१ मध्ये कझानहून नवी पदवी घेतली आणि वॉर्सात नोकरी धरली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

त्याचं काम झाडांच्या पानांवर. पान हिरवं दिसतं, पण त्यात हिरव्यासोबत पिवळे रंगही असतात. ते सुटे कसे करायचे?

इथे त्याने एक बारीक गोष्ट टिपली. पानं कुटून पेट्रोलियम ईथरमध्ये टाकली, की पिवळा कॅरोटीन पटकन उतरतो. हिरवा क्लोरोफिल मात्र पानातच बसून राहतो. थोडा अल्कोहोल घातला, की तोही सुटतो. बरं, हा सुटलेला क्लोरोफिल नुसत्या पेट्रोलियम ईथरमध्ये टाकला तर? आरामात विरघळतो!

मग आधी का विरघळत नव्हता? त्स्वेतने ओळखलं, पानाच्या तंतूंनी त्याला धरून ठेवलं होतं. सगळा खेळ विरघळण्याचा नव्हता, चिकटण्याचा होता. आणि प्रत्येक रंग कमी-जास्त चिकटतो, म्हणजे चिकटण्याच्या फरकावरच त्यांना वेगळं करता येईल.

त्याने शंभराहून जास्त भुकट्या तपासल्या. १९०३ मध्ये वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत ही कल्पना मांडली. पुढे जो प्रयोग प्रसिद्ध झाला तो असा. काचेच्या बारीक नळीत खडूची भुकटी घट्ट भरायची. वरून पानांचा अर्क ओतायचा. मग वरून स्वच्छ द्रावण सोडत राहायचं.

आता डोळ्यांसमोर जत्रेतली गल्ली आणा. शंभर माणसं एकदम आत शिरली. कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो, कुणी सरळ नाकासमोर चालतो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सगळे एकत्र पोचतील का? नाही ना. नळीत तेच होतं. कॅरोटीन खडूपाशी थांबतच नाही, सरसर खाली जातो. हिरवे रंग वर रेंगाळतात. मधे पिवळे पट्टे. आणि क्लोरोफिलचे तर दोन पट्टे पडले, एक निळसर हिरवा, एक पिवळसर हिरवा. पांढऱ्या खडूत रंगीत कड्या! मग खडूची कांडी बाहेर ढकलायची, चाकूने एकेक पट्टा कापायचा आणि त्यातला रंग धुऊन घ्यायचा. १९०६ मध्ये त्याने जर्मन नियतकालिकात हे छापलं आणि नाव दिलं क्रोमॅटोग्राफी.

इतकं सोपं, इतकं स्वस्त. तरी लोकांनी घेतलं का नाही?

कारण त्या काळी या क्षेत्रात मोठं नाव होतं रिचर्ड विलश्टेटर. जर्मन रसायनशास्त्रज्ञ, क्लोरोफिलवरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळालेला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने त्स्वेतची पद्धत करून पाहिली. पण त्यांनी नळीत भरलेली भुकटी फार तीव्र होती. क्लोरोफिल तिच्यात टिकलाच नाही, त्याची मोडतोड झाली. निष्कर्ष छापून आला, या पद्धतीवर भरवसा नको. कल्पना बरोबर, तयारी चुकीची, आणि ठपका बसला कल्पनेवर! त्स्वेत तर साधा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याचं कोण ऐकणार?

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये जर्मन सैन्य वॉर्सात शिरलं आणि त्याची फरफट सुरू झाली. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, तार्तू, शेवटी व्होरोनेझ. तिथेच १९१९ मध्ये तो गेला. वय फक्त ४७.

आता खरी गंमत. विलश्टेटरने त्स्वेतच्या १९१० च्या रशियन पुस्तकाचा जर्मन अनुवाद स्वतःसाठी करून घेतला होता. ती प्रत गेली त्याचा शिष्य रिचर्ड कून याच्याकडे, आणि कूनकडून एडगर लेडररच्या हातात. १९३१ मध्ये हायडेलबर्गला या मंडळींनी पुन्हा नळ्या भरल्या. गाजरातला कॅरोटीन एकच नसून अल्फा आणि बीटा असे दोन आहेत, हे नळीने दाखवून दिलं. त्यानंतर गाडी थांबली नाही. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला, लोकरीवर संशोधन करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी नवा प्रकार काढला. १९५२ मध्ये दोघांना नोबेल. त्याच वर्षी मार्टिन आणि जेम्स यांनी वायूवर चालणारी क्रोमॅटोग्राफीही जगापुढे आणली.

आता थेट आपल्या नाशिकच्या द्राक्षांकडे येऊ. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट मर्यादा आहे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक टन द्राक्षात १० मिलिग्रॅम! हे मशीन शोधतं, मान्य. पण द्राक्ष तसंच मशीनमध्ये घालता येत नाही. साखर, आम्ल, सालीतले रंग यांच्या गर्दीत औषध हरवतं. म्हणून आधी द्राक्षं वाटायची, द्रावण घालून हलवायची, मीठ घालून पाणी वेगळं काढायचं, भुकटीने कचरा गाळायचा. २००३ मध्ये आलेली 'कॅचर्स' नावाची पद्धत हेच करते, झटपट आणि कमी खर्चात. एका नमुन्यातून ढीगभर औषधं एकदम सापडतात.

ढीगभर, पण सगळी नाही. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ आवरायला वापरतात. निर्यातदार आणि शेतकऱ्यांना जबर फटका बसला. हे रसायन तेव्हा आपल्याकडच्या निर्यात तपासणीच्या यादीत नव्हतं. शिवाय त्याचा स्वभाव असा, की ते पाण्याला सोडत नाही. कॅचर्ससारख्या पद्धतीत पाण्यासोबत ते मागेच राहतं. त्याच्यासाठी नमुना वेगळ्या रीतीने तयार करावा लागतो. कोट्यवधींचं मशीन आणलं, तरी जे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही ते त्याला दिसणार कसं?

त्स्वेतच्या बाबतीतही हेच घडलं होतं. नमुना नीट हाताळला नाही, आणि चांगली कल्पना वीसेक वर्षं अडगळीत पडली.

तेव्हा मंडळी, कुठल्या रिपोर्टवर 'आढळलं नाही' असं दिसलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा. यादीत काय काय होतं? आणि नमुना कसा तयार केला होता?

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!