वयोमर्यादा : जहाजप्रवास आणि मद्यपान

प्रवासी जहाजावर तरुण माणसाला एकट्याने खोली कधी मिळावी, बारमध्ये पेला कधी मिळावा आणि कसिनोच्या दारातून आत कधी सोडावे, हे ठरवणाऱ्या नियमांना एकत्रितपणे ‘जहाजावरची वयोमर्यादा’ म्हणता येईल. हे नियम एकाच ठिकाणी लिहिलेले नसतात. जहाज ज्या बंदरातून सुटते तिथला कायदा, जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे तिथला कायदा आणि जहाज कंपनीचे स्वतःचे नियमपत्रक, असे तीन धनी एका प्रवाशाच्या वयावर हक्क सांगतात. तिघांचे आकडे बहुधा जुळत नाहीत.

उदाहरणादाखल मलकापूर घेऊ. कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर असलेल्या या गावाला समुद्र नाही. तो गाठायचा तर पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर करावे लागते. पण गावात वैद्यकीय शिक्षणाचे मोठे संकुल आहे, त्यामुळे अठरा ते पंचवीस या वयाची मुले-मुली इथे भरपूर. सुट्टीत मुंबई-गोवा जहाजाचे तिकीट काढणाऱ्यांत हाच वयोगट पुढे असतो आणि नियमांचा सगळा घोळही याच सात वर्षांत आहे.

मद्याच्या वयाचा महाराष्ट्राचा आकडा देशातल्या सर्वांत चढ्या आकड्यांपैकी एक आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा, म्हणजे आजच्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचा, पाया असा की दारू पिणे हा हक्क नाही, ती परवान्याने मिळणारी सवलत आहे. व्हिस्की, रम, ब्रँडी आणि देशी दारूसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत, सौम्य बिअरसाठी २१. शिवाय खिशात परवाना हवा: आयुष्यभराचा हजार रुपयांत, वर्षाचा शंभरात, एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत आणि देशीसाठी दोन रुपयांत. कायद्याच्या भाषेत हा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो. बारमध्ये बसलेल्या गिऱ्हाईकाला आपण प्रकृतीसाठी पीत आहोत हे ठाऊक नसते, एवढेच.

या पंचवीसच्या आकड्याची इतर वयांशी तुलना केली की गंमत कळते. मलकापुरातली मुलगी १८ व्या वर्षी मतदान करते. २१ व्या वर्षी ती नगरपरिषदेची निवडणूक लढवू शकते, निवडून येऊन गावाच्या पाणीयोजनेवर मत देऊ शकते. बारावीनंतर लगेच प्रवेश मिळाला असेल तर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ती डॉक्टर होते आणि दुसऱ्याच्या यकृताविषयी सल्ला देते. रमचा पेला मात्र तिला पंचविशीपर्यंत वर्ज्य. विधानसभेची उमेदवारी आणि व्हिस्की यांचे किमान वय महाराष्ट्रात एकच आहे. २०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरणात या मर्यादेचा पुन्हा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा अभिनेता इम्रान खान याने तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. अठरा वर्षांच्या नागरिकाला सरकार निवडता येते, मग पेय का नाही, असा सवाल तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच गाजला.

शेजारी गेले की आकडा बदलतो. गोव्यात १८. कर्नाटकात कायद्यात १८ आणि नियमांत २१ असा विसंगत मामला वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या आरंभी नियमांतला आकडा १८ वर आणण्याचा मसुदा निघाला, त्यावर गदारोळ झाला आणि तो मागे घेतला गेला. गुजरातने तर महाराष्ट्राचाच १९४९ चा कायदा १९६० च्या राज्यविभाजनात सोबत नेला आणि त्यातून दारूबंदी चालवली. महाराष्ट्राने त्याच कायद्यातून परवाना-पद्धत चालवली. मलकापुरातून गाडी काढली तर कोल्हापूर ओलांडून दोन-अडीच तासांत निपाणी येते. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाची कायदेशीर स्थिती एका टोलनाक्यावर बदलू शकते.

महामार्गावरच्या गावांनी दारूच्या कायद्याचा वेगळा अनुभवही घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. पुढे वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीतल्या रस्त्यांना त्यातून मोकळीक मिळाली. तेव्हा टेप घेऊन दारापासून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजणारे कर्मचारी सर्वांनी पाहिले. गल्ल्यावर उभ्या राहिलेल्या मुलाचे वय मोजण्याची तेवढी तत्परता क्वचितच दिसली.

ती दिसली १९ मे २०२४ नंतर. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याआधी मुलाला पबमध्ये मद्य मिळाले होते. अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने देशभर संताप उसळला. पण कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: मद्य देणाऱ्या पबच्या मालक-व्यवस्थापकांवर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ चा बडगा आला. अठरा वर्षांखालील कोणालाही, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय, मादक पेय देणाऱ्याला या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘देणारा’ म्हणजे फक्त बारवाला नव्हे. लग्नाच्या वरातीत पुतण्याला हौसेने घोट पाजणारा काकाही त्यात बसतो.

आता पाण्यावर. १९४९ च्या कायद्याला जहाजांचा विसर पडला नव्हता. त्याचे कलम ३८ जहाज कंपन्यांना आणि जहाजांच्या कप्तानांना विदेशी मद्याचे परवाने देण्याविषयी आहे, तर कलम ३९ युद्धनौका आणि लष्करी मेससाठी. पुढच्या दशकांत कोकणच्या किनाऱ्याने धावणाऱ्या बोटी मात्र चैनीसाठी नव्हत्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ यांसारख्या बोटींच्या डेकवर चाकरमानी वळकटी पसरून झोपत. तिथे प्रश्न वयाचा नसे, जागेचा असे. पुढे त्या वाहतुकीची कहाणी संपली.

चैनीचे जहाज मराठी माणसाच्या आवाक्यात अलीकडे आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ आली आणि टाळेबंदीच्या वर्षात ती कंपनी बुडीत निघाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ने १९९० साली बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात असलेले ‘एम्प्रेस’ मुंबईतून चालू केले. त्याची तिकिटे रेल्वेच्या आयआरसीटीसीवरही मिळू लागली. पंधरा दिवसांतच, २ ऑक्टोबरला, या जहाजावर अमली पदार्थविरोधी पथकाने छापा घातला. तो दिवस गांधी जयंतीचा, किनाऱ्यावर ड्राय डे. प्रकरण अमली पदार्थांचे होते, दारूचे नव्हे. मे २०२२ मध्ये सहा जणांविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगून आरोपपत्रातून त्यांची नावे वगळण्यात आली. तरी ‘क्रूझला जाते’ म्हणणाऱ्या मुलीकडे घरातले चष्म्यावरून बघू लागले ते तेव्हापासून.

बंदरात आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या, पट्ट्यात किनाऱ्यावरच्या देशाची सत्ता चालते. त्यापलीकडे खुल्या समुद्रात मुख्यतः झेंड्याची. जगातली बरीचशी मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडा यांचे झेंडे लावतात आणि तिथले मद्याचे वय अठराच्या आसपासचे. प्रत्यक्षात मात्र प्रवाशाला झेंडा कधी भेटत नाही. त्याला भेटते ते कार्ड.

किनाऱ्यावरचा कायदा आणि जहाजावरचा नियम यांतला खरा फरक या कार्डात आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर नोटा चालत नाहीत. चढताना पासपोर्ट किंवा ओळखपत्र पाहून प्रत्येकाला एक कार्ड मिळते, काही कंपन्यांत मनगटी पट्टा किंवा गळ्यातले पदक. त्याच कार्डाने खोलीचे दार उघडते, त्याच्यावरच जेवणाची आणि दुकानांची बिले चढतात, आणीबाणीत कोणत्या जागी जमायचे तेही त्याच्याशीच जोडलेले असते. जन्मतारीख त्यात आधीच शिरलेली. बारमनने कार्ड यंत्राला लावले की पडदा सांगतो, देता येईल की नाही. गयावया करून, ओळख सांगून, मिशी दाखवून उपयोग नाही. मोठ्याने आपल्या कार्डावर घेऊन लहानाच्या हाती पेला दिला, तर दोघांनाही पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. महाराष्ट्रातला २५ चा आकडा कितीही कडक दिसो, तो दुकानदाराच्या नजरेवर सोडलेला आहे. जहाजाचा आकडा सौम्य असला तरी यंत्रावर आहे, म्हणून तोच पाळला जातो.

हा जहाजाचा आकडा बहुधा सुटण्याच्या बंदरावर ठरतो. रॉयल कॅरिबियनचे उदाहरण सर्वांत सोपे: उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींवर २१, युरोप, आशिया, ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्यांवर सर्वसाधारणपणे १८. अमेरिकेतल्या एकवीसमागे १९८४ चा संघीय कायदा आहे. ज्या राज्यांनी मद्याचे वय २१ केले नाही, त्यांच्या महामार्गनिधीला कात्री लावण्याची ती युक्ती होती. त्यामुळे न्यू जर्सीत वाढलेली एकोणीस वर्षांची मराठी मुलगी मायामीहून निघाली तर आई-बाबांच्या शेजारी बसून लिंबूपाणी पिते, आणि तिची पुण्याची मावसबहीण त्याच वयात, त्याच कंपनीच्या सिंगापूरहून सुटलेल्या जहाजावर वाइन मागवते. नॉर्वेजियन कंपनीने मधली वाट काढली आहे: काही मार्ग वगळता १८ ते २० वर्षांच्यांना सोबतच्या पालकाने लेखी संमती दिली तर बिअर आणि वाइन मिळते, कडक मद्य नाही. सफरीच्या मधेच एकविसावा वाढदिवस आला तर? रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर तरुणाने स्वागतकक्षात जाऊन ओळखपत्र दाखवायचे, कार्डावरची नोंद बदलून मिळते. जहाज अर्ध्या समुद्रात असताना माणूस सज्ञान होतो, त्याची ही कदाचित सर्वांत छोटी कारवाई.

एकट्याने प्रवास करण्याचे वय हा वेगळा नियम आहे आणि तरुणांची फजिती बहुधा इथेच होते. वीस वर्षांच्या चार मित्रांनी पैसे साठवून अमेरिकेतून सुटणारी सफर घ्यायची ठरवली, तर मोठ्या कंपन्या खोली देत नाहीत. रॉयल कॅरिबियनला खोलीत २१ वर्षांचा कोणी तरी हवा. कार्निव्हलला एकवीसखालच्यांसोबत पंचविशी ओलांडलेला नातेवाईक वा पालक हवा. विवाहित जोडप्यांना सवलत मिळते, पण विवाहाचा दाखला दाखवून. वय मोजायचे ते जहाज सुटण्याच्या दिवशी, तिकीट काढण्याच्या दिवशी नव्हे.

दुसऱ्या टोकाला तान्ही बाळे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि अटलांटिक-पॅसिफिक ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस किनारा न दिसणाऱ्या सफरींना ही मर्यादा बारा महिन्यांवर जाते. कारण साधे आहे: जहाजावर डॉक्टर असतो, बालरोगतज्ज्ञांचे रुग्णालय नसते. त्याच हिशेबाने चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रीलाही नकार मिळतो. मधल्या वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र क्लब असतात आणि रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल यांच्या जहाजांवर रात्री एकनंतर अल्पवयीनांनी सार्वजनिक भागात एकटे फिरायचे नाही. आई-वडिलांपैकी एकच सोबत असेल किंवा मुले आजी-आजोबांबरोबर निघाली असतील, तर परदेशी सफरीला उरलेल्या पालकाचे संमतिपत्र जवळ ठेवावे. आपल्याकडे आजोबांबरोबर नातू गेला तर त्यात विचारायचे काय, असे वाटते. परक्या बंदरातला अधिकारी मात्र विचारतो.

कसिनोचे वय मराठी प्रवाशाला सर्वांत जवळ पणजीत भेटते. मांडवीत नांगरलेली कसिनो जहाजे कुठेही जात नाहीत, पण जहाजेच आहेत. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एकविसाखालच्यांना तिथे बंदी घातली. म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा पणजीच्या किनाऱ्यावर बिअर पिऊ शकतो, समोर दिव्यांनी लखलखणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवू शकत नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही, मग वय साठ असो, खेळायला आत जाता येत नाही.

काही ठिकाणी वयाचा प्रश्नच उरत नाही. मुंबईहून जहाजे लक्षद्वीपला जातात. तिथे बंगारम बेटाचा अपवाद वगळता दारूबंदी आहे, त्यामुळे किनाऱ्यावर उतरताना पन्नाशीचा गृहस्थ आणि त्याचा मुलगा सारखेच. डिसेंबर २०२४ मध्ये जेद्दाहून सुरू झालेल्या सौदी ‘अरोया’ जहाजावर मद्यच नसते.

जहाजावर काम करणाऱ्यांचे वय आणखी निराळे. सातारा-सांगलीकडून हॉटेल व्यवस्थापन शिकून प्रवासी जहाजांवर जाणारी मुले आहेत, आणि त्यांना लागू होतो तो २००६ चा सागरी कामगार करार. त्यानुसार सोळा वर्षांखालील कोणालाही जहाजावर कामाला ठेवता येत नाही आणि अठराखालच्यांना, प्रशिक्षणासारखे अपवाद सोडले तर, रात्रपाळी देता येत नाही. एरवी वयाने परवानगी दिली तरी जहाज चालवणाऱ्या आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्यांच्या रक्तातले मद्य, खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१० मध्ये झालेल्या मनिला दुरुस्त्यांनुसार, ०.०५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी याहून कडक मर्यादा ठेवल्या आहेत, आणि फुंकणीच्या चाचणीसाठी त्यांना ड्यूटीच्या वेळी केव्हाही बोलावले जाते.