पात्याच्या बुडाशी लिहिलेली नावे

चाकूला इतिहास असतो असे म्हटले, तर पुष्कळांना हसू येईल. इतिहास असावा तर तलवारीला. भवानी तलवारीवर आपण शेकडो पाने लिहिली. कट्यार, बिचवा, दांडपट्टा यांना वस्तुसंग्रहालयात काचेची पेटी मिळाली. पण खिशातला घडीचा चाकू? ज्याने आंबा कापला, बोरू तासला, पुडक्याची सुतळी तोडली आणि कमान ढिली झाली तेव्हा जो भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन पडला, त्याचा कसला आला आहे इतिहास!

मला मात्र गेली काही वर्षे या जुन्या चाकूंचा नाद लागला आहे. शाळामास्तराला तलवारी परवडत नाहीत, हे त्याचे एक कारण झाले. दुसरे अधिक खरे आहे. तलवारीच्या गोष्टीत ती चालवणारा नायक असतो. घडवणाऱ्याला कोणी विचारत नाही. चाकूचे उलट आहे. तो वापरणारे हजारो सामान्य लोक, त्यांची नावे कुठेच नसतात; पण घडवणाऱ्याचे नाव पात्याच्या बुडाशी बारीक ठशात कोरलेले सापडते. ते वाचता आले, तर एक विसरलेला माणूस पुन्हा ओळखीचा होतो.

आपल्याकडे बोरूची लेखणी होती तोवर चाकू हे लेखनसाहित्यच होते. दौतीशेजारी कलमतराश नाही असा कारकून नव्हता. इंग्रजांकडेही तीच गोष्ट. त्यांच्या 'पेननाइफ' या शब्दातले पेन म्हणजे पक्ष्याचे पीस. पिसाची लेखणी तासण्यासाठी जे लहान पाते लागे, त्यावरून हे नाव पडले. १८२० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबे निघू लागली, पिसे मागे पडली. चाकूचे नाव तेवढे राहिले. काम गेले तरी हुद्दा टिकतो, हे केवळ सरकारी कचेरीतच घडते असे नाही.

जुन्या चाकूंचा माग काढू लागले, की दहांतले निम्मे रस्ते इंग्लंडातल्या शेफील्ड या गावी जातात. यॉर्कशायरच्या दक्षिणेस डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्स्ली आणि रिव्हेलिन अशा पाच नद्यांच्या काठी हे गाव वसले. नद्यांचे पाणी चाके फिरवी, चाकांवर सहाणी फिरत, आणि सहाणीला लागणारा वालुकाश्म भोवतालच्या डोंगरांत मिळे. चौदाव्या शतकातच या गावच्या सुरीचा लौकिक एवढा होता, की कवी चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचीच सुरी खोचून दिली आहे.

१६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे सुरी-कातऱ्या करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. 'कटलर्स कंपनी' हे तिचे नाव. प्रत्येक उस्तादाने आपली एक खूण ठरवायची, ती संस्थेच्या वहीत नोंदवायची आणि आपल्या प्रत्येक पात्यावर ती ठोकायची, असा नियम होता. कोणी तारा घेतला, कोणी हृदय, कोणी मुकुट, कोणी नुसती दोन अक्षरे. ज्या काळी गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, त्या काळी ही चित्रलिपीच त्याची ग्वाही होती. माल वाईट निघाला तर शिव्या कोणाला द्यायच्या, हे त्याला ठाऊक असे.

या खुणांपैकी एक आपल्याकडे घरोघरी ओळखीची झाली: तारा आणि त्याच्या शेजारी माल्टी क्रूस. ही जोसेफ रॉजर्स आणि मंडळींची मुद्रा. १६८२ हे या पेढीचे स्थापनावर्ष सांगितले जाते. १८२२ साली तिने तब्बल १८२२ पात्यांचा एक चाकू तयार केला, आणि पुढे वर्षाला एक पाते वाढवण्याची प्रथा ठेवली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तिने पंचाहत्तर पात्यांचा 'नॉर्फोक' चाकू बनवला. हा चाकू कोणी कापायला वापरला असेल असे वाटत नाही; तो डोळे दिपवण्यासाठीच होता. या पेढीच्या वखारी कलकत्त्याला आणि मुंबईला होत्या. 'चाकू घ्यावा तर रॉजरचा' असे आमच्या लहानपणी म्हातारी माणसे म्हणत, त्याचे मूळ हे. कीर्ती वाढली की नकलाही वाढतात. दुसऱ्या एका कारखानदाराने याच पेढीच्या नावाचा ठसा आपल्या मालावर मारल्यावरून १८४० नंतरच्या दशकात प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते.

पण रॉजर्स ओळखण्यात काही पुरुषार्थ नाही. शेफील्डच्या गल्लीबोळांत शेकडो लहान कारागीर होते. त्यांना तिकडच्या बोलीत 'लिटल मेस्टर' म्हणत. म्हणजे छोटा उस्ताद. भाड्याची एक खोली, एक ऐरण, खिडकीशी एक ठोकळा आणि हाताखाली एखादा पोरगा, एवढाच त्याचा कारखाना. आज स्वतःच्या नावाने चाकू विकायचा, उद्या मोठ्या पेढीसाठी डझनावारी करून द्यायचा. अशी कित्येक नावे दहावीस वर्षे चालली आणि विझली. गंमत पाहा, कधी माणूस विसरला जातो आणि नाव मात्र सातासमुद्रापलीकडे जाते. शेफील्डला बार्लो नावाचे कारागीर होऊन गेले. मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर' या १८७६ च्या कादंबरीत टॉमला बायबलातली वचने पाठ केल्याबद्दल मेरीकडून बक्षीस मिळते ते 'बार्लो' चाकूचे. टॉमला बार्लो कोण हे ठाऊक नव्हते. असण्याचे कारणही नव्हते.

अशा अनाम चाकूचे कूळ कसे काढायचे? माझ्या संग्रहातलेच उदाहरण देतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या ढिगात एक दोन पात्यांचा चाकू मिळाला. तेलात दोन दिवस ठेवल्यावर पाते उघडले. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंग धरून पाहिले, तर पात्याच्या बुडाशी एक मुकुट, त्याच्या एका अंगाला 'व्ही' आणि दुसऱ्या अंगाला 'आर' दिसला. ही व्हिक्टोरिया राणीच्या नावाची अक्षरे. राजघराण्याचा आश्रय असो वा नसो, अनेक कारखानदार ती ठोकत असत. राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. म्हणजे चाकूच्या जन्माला दोन टोके मिळाली. मुकुटाखाली 'शेफील्ड' होते, पण 'इंग्लंड' नव्हते. हे नसणेही बोलके असते. परदेशी मालावर देशाचे नाव असलेच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला आणि शेफील्डचे फार मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच होती. तेव्हापासून पात्यावर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसू लागतो. माझा चाकू बहुधा त्याच्या आधीचा. 'बहुधा' म्हणतो, कारण अमेरिकेला जायचे नव्हते त्या मालावर ते नाव घालण्याची सक्ती नव्हती.

मग मूठ. ती सांबरशिंगाची निघाली. सांबराची शिंगे हिंदुस्थानातून जहाजे भरून शेफील्डला जात, तेथे कापून मुठी होत आणि त्यांतल्या काही चाकू बनून परत आपल्याच बाजारात येत. कापसाची जी कथा आपण मुलांना वर्गात शिकवतो, तीच ही शिंगाची. मुठीवरूनही काळ कळतो. हस्तिदंतासारखी दिसणारी पण एकसारख्या रेघांची पांढरी मूठ बहुतेक सेल्युलॉइडची असते. ते १८७० च्या सुमारास निघाले. बेकेलाइट त्यानंतरचे, १९०७ चे. आणि पात्यावर 'स्टेनलेस' हा शब्द असेल, तर विकणारा काहीही शपथा घेवो, तो चाकू १९१३ च्या आधीचा नाही. कारण त्या साली हॅरी ब्रिअर्ली याने शेफील्डमध्येच ते न गंजणारे पोलाद तयार केले.

राहता राहिले नाव. ते इतके झिजले होते, की शेवटची 'सन' एवढीच अक्षरे उरली होती. शेफील्डमध्ये 'सन' शेवटी असलेली आडनावे म्हणजे आपल्याकडे 'कर' शेवटी असलेली आडनावे! अशा वेळी जुन्या व्यापारी निर्देशिका कामी येतात. त्यांत त्या त्या वर्षी कोणत्या गल्लीत कोण कसला धंदा करी, हे छापलेले असते. जेफ्री ट्वीडेल यांनी तर शेफील्डच्या कटलरी कारखानदारांचा जाडजूड कोशच रचला आहे. वर्षे ताडून, नावे गाळीत गाळीत मी पाच-सहा 'सन' मंडळींपर्यंत आलो आहे. त्यांपैकी कोणाचा हा चाकू, याचा उलगडा अशीच दुसरी, कमी झिजलेली मूर्ती सापडेल तेव्हा होईल.

सगळेच ठसे खरे बोलतात असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी पात्यांवर खुशाल 'शेफील्ड' ठोकले जाई. त्यावर ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली कायदा केला, आणि दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही व्यापारी मालावरील खुणांचा कायदा आला. मुंबईच्या बाजारात काय विकले जात असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

आता या गोष्टीची काळी बाजू. पाते घडवणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा आणि मूठ-कमान बसवणारा वेगळा. ठसा असे तो मालकाचा. सहाणेवर वाकून बसलेल्या माणसाच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई, खोकला लागे, दम लागे. कोरड्या सहाणेवर काम करणारे सरासरीने जेमतेम पस्तिशी गाठतात आणि ओल्या सहाणेवरचे पंचेचाळिशीपलीकडे क्वचितच जातात, असे शेफील्डच्या डॉ. नाइट यांनी लिहून ठेवले. धूळ ओढून नेणारी साधने निघाली, तेव्हा काही कामगारांनीच ती झिडकारली. कारण काय? धंदा कमी जीवघेणा झाला तर त्यात माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल! आयुष्य विकून भाव टिकवण्याचा हा हिशेब वाचला, त्या रात्री मी संग्रहाची पेटी उघडू शकलो नाही. चाकूवर ज्याचे नाव आहे तो विसरला गेला हे खरे. पण ज्याने त्याला धार दिली त्याचे नाव तर कधी लिहिलेच गेले नव्हते.

पुढे सारेच बदलले. डिसेंबर १९४० मध्ये शेफील्डवर बाँब पडले. स्वस्त माल जगभरातून येऊ लागला. १९७१ साली रॉजर्स आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी वोस्टेनहोम या पेढ्या एकत्र झाल्या. हाताने खिशाचा चाकू करणाऱ्या जुन्या उस्तादांपैकी स्टॅन शॉ हे २०२१ साली वारले. तेथल्या केन हॉली नावाच्या हत्यारांच्या दुकानदाराने मोडीत निघालेली हजारो अवजारे आयुष्यभर गोळा केली. ती आज केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात आहेत. आपल्या पुण्यातही दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशाच माणसामागे माणूस हिंडून जमवल्या आणि १९७५ साली तो सारा ठेवा सरकारच्या हवाली केला. त्या अडकित्त्यांसमोर मी उभा राहतो तेव्हा एक रुखरुख लागते. कारागिरी शेफील्डहून उणी नाही. पण आमच्या लोहाराची खूण नोंदवून ठेवणारी वही कोणी घातली नाही.

आपली वही आपण घालू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येईल. त्यात आजोबांचा चाकू असेल, आजीचा अडकित्ता असेल. तो भंगारात टाकण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरा. सँडपेपरने घासू नका. गंजाबरोबर नावही जाते. तेलाचे बोट लावा, मऊ फडक्याने पुसा, भिंगातून पाते पाहा. काही अक्षरे दिसली तर उतरवून घ्या. नाही दिसली, तर ही वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कोणी केली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच डब्यात ठेवा. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. हत्यार करणाऱ्याला निदान एवढी एक ओळ द्यायला हरकत नसावी.