व्ही-ट्विन इंजिनातील इंधन अंतःक्षेपणाचे समायोजन
व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरांना मिळणारे पेट्रोल ईसीयू या नियंत्रक संगणकातील तक्ता बदलून योग्य प्रमाणात आणणे, म्हणजे व्ही-ट्विन मोटारसायकलच्या इंधन अंतःक्षेपणाचे समायोजन होय. दोन्ही सिलिंडरांना एकच तक्ता सहसा पुरत नाही. एकाच क्रँकपिनवरील ४५ अंशी इंजिनात प्रज्वलनांमधील अंतर ३१५ व ४०५ अंश असे असमान असते. वाई येथे जोडणी झालेल्या ह्योसंग जीटी६५०आरच्या ९० अंशी इंजिनात ते २७० व ४५० अंश आहे. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात मागचा सिलिंडर अधिक तापतो. तेथे पेट्रोल कमी पडल्यास पिस्टन निकामी होऊ शकतो.

शुद्ध पेट्रोलसाठी हवा व इंधनाचे वजनी प्रमाण १४.७ : १ असते, तर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी सुमारे १३.५ : १. संथ प्रवासात ऑक्सिजन संवेदक ही तूट भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र भिस्त तक्त्यावरच असते.

मुंबईहून कसारा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकला येताना हवा विरळ होते. कार्ब्युरेटरमध्ये त्यामुळे पेट्रोल जास्त होई. अंतःक्षेपणात दाब संवेदकाच्या नोंदीनुसार ते आपोआप घटते. एवढ्या उंचीसाठी तक्ता बदलावा लागत नाही. सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदलल्यास मात्र लागू शकतो.